गच्चीवर लॉर्ड ऑफ द रिंग्ज: पुस्तक न वाचलेल्यांचा निकाल

पुस्तक वाचलेल्या माणसाला त्यावरचा सिनेमा कसा वाटला हे विचारू नये. तो सिनेमा बघत नाही, वही तपासतो. मी त्यातलीच. टोल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कॉलेजात असताना वाचलं, मग शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्यावर पुन्हा वाचलं, आणि पीटर जॅक्सनचे तिन्ही भाग 2001, 2002, 2003 असे ओळीने आले तेव्हा दरवेळी कुरकुरतच थिएटरबाहेर पडले. म्हणून या परीक्षणात माझं मत मागे ठेवते. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, उरकल्यावर आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बिल्डिंगच्या गच्चीवर भाड्याचा प्रोजेक्टर आणून एकेका शनिवारी एक भाग लावला. माझ्याशिवाय पुस्तक वाचलेलं एकही माणूस तिथे नव्हतं. ते काय बोलले ते ऐकण्यासारखं होतं.

प्रेक्षकांची ओळख करून देते. पुढच्या सतरंजीवर बिल्डिंगमधली पोरं, हातात लीलो चिवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा. मागच्या खुर्च्यांवर आमच्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यभर कीर्तनं ऐकलेल्या. त्यांच्या शेजारी वरच्या मजल्यावरच्या काकू, स्वेटर विणत. समोरच्या फ्लॅटमधले मोटाभाई, ज्यांना आम्ही सगळे मोटाभाईच म्हणतो, आणि त्यांच्या मिसेस. कठड्याला टेकून आमचे हे, जे पहिल्या अर्ध्या तासात झोपतात. संवाद इंग्रजी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि सासूबाईंसाठी सातवीतला एक मुलगा भराभर मराठी करून सांगणार असं ठरलेलं. त्याच्या मराठीत म्हातारा जादूगार गॅन्डाल्फ सगळ्यांना ‘अरे बाबांनो’ म्हणत होता. बिघडलं नाही काही.

आम्ही लावली ती लांब आवृत्ती. थिएटरात आलेल्या प्रती 178, 179 आणि 201 मिनिटांच्या होत्या. नंतर घरी बघायला जॅक्सनने प्रत्येक भागात आणखी प्रसंग घालून वेगळ्या प्रती काढल्या, त्यातला शेवटचा भाग एकटाच चार तासांच्या वर जातो. थंडीत गच्चीवर चार तास म्हणजे प्रेक्षकांची खरी परीक्षा. उठून गेलेला माणूस खोटं बोलत नाही.

पहिला भाग. सुरुवातीची अंगठीची हकीगत सासूबाईंनी एका दमात समजून घेतली. सगळ्या अंगठ्यांवर हुकूम चालवणारी एक अंगठी, ती घालणाऱ्यालाच गिळते, नष्ट करायची तर जिथे घडवली त्याच डोंगराच्या आगीत टाकायची, आणि हे काम येतं फ्रोडोवर, हॉबिट नावाच्या बुटक्या जमातीतल्या एकावर. त्यांना यात काही नवल वाटलं नाही. पोरांना मात्र नवल वाटलं ते हॉबिटांच्या उंचीचं. एवढी बुटकी माणसं आणली कुठून, या प्रश्नावर दहा मिनिटं सिनेमा थांबवावा लागला. सांगितलं की नट नेहमीच्याच उंचीचे, फ्रोडोला कॅमेऱ्यापासून लांब बसवलेलं आणि गॅन्डाल्फला जवळ, टेबल एकच वाटतं पण ते दोघे एकमेकांसमोर नाहीतच. फ्रोडोला वाढवणाऱ्या बिल्बोचं घर तर दोन मापांत बांधलेलं, एक मोठं, एक लहान. आणि पाठमोऱ्या दृश्यांत लहान चणीची बदली माणसं. पोरांनी लगेच मोबाइल काढून पाण्याच्या टाकीपाशी एकमेकांना बुटकं करायला सुरुवात केली.

अंगठीचं काय करायचं ते ठरवायला एल्रॉन्ड हा एल्फांचा, म्हणजे एका अमर जमातीचा, सरदार सभा भरवतो, तिथे मोटाभाई चुळबुळले. लढाई क्यारे, म्हणजे कधी, असं विचारायला लागले. सासूबाईंनी त्यांना गप्प केलं: “पूर्वरंग चाललाय, बसा ने. आख्यान पुढे आहे.” पुस्तकात हे प्रकरण किती लांब आहे ते मी त्यांना सांगितलं नाही.

मोरिया या डोंगराखालच्या ओसाड शहराच्या दाराशी पाण्यातून सोंडा बाहेर आल्या तेव्हा एक पोरगी ओरडली, “विश्वामित्रीची मगर!” विश्वामित्री ही आमची शहरातली नदी, मगरींची. नदीच्या दोन्ही काठांवरचे राजांचे प्रचंड पुतळे आले तेव्हा सुरसागर तलावातला महादेवाचा पुतळा मोठा की हे, यावर वाद. आपला 111 फुटांचा आहे हे सगळ्यांना पाठ होतं. समोरच्यांची उंची पोरांनी आपापल्या मनाने ठरवली.

या भागात जॅक्सनने पुस्तकातलं बरंच वगळलंय. टॉम बॉम्बाडिल नावाचा गाणारा, उड्या मारणारा म्हातारा आणि त्याच्या आसपासचा सगळा प्रवास गायब. जगभरचे वाचक यावर अजून हळहळतात. गच्चीवर कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कधी वाटलं नाही. नदीच्या उताराशी जखमी फ्रोडोला घोड्यावरून एल्रॉन्डची मुलगी आर्वेन नेते, तेही पुस्तकात नाही. तिथे ग्लॉरफिंडेल नावाचा एल्फ येतो, आणि त्या घोड्यावर फ्रोडो एकटाच असतो. काकूंनी विणकाम खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. ग्लॉरफिंडेलसाठी वाजवल्या असत्या असं वाटत नाही.

आणि बोरोमिर, फ्रोडोसोबत निघालेला एक योद्धा. मोटाभाईंना हा माणूस सभेपासूनच खटकत होता. “आ माणस पर भरोसो नथी,” असं दोनदा म्हणून झालेलं. मग तो फ्रोडोवर झडप घालतो, शुद्धीवर येतो, आणि मेरी-पिपिन या दोन हॉबिटांना वाचवायला एकटा उभा राहून बाणावर बाण झेलतो. पुस्तकात ही लढाई डोळ्यासमोर होत नाही. सोबतचा ॲरागॉर्न, पुढे राजा होणारा, पोचतो तेव्हा बोरोमिर झाडाला टेकून शेवटच्या घटका मोजत असतो, आणि तेही दुसऱ्या खंडाच्या आरंभी. जॅक्सनने ती पहिल्या भागाच्या शेवटी आणली आणि पूर्ण दाखवली. मोटाभाई काही बोलले नाहीत. जिना उतरताना म्हणाले, “माणसाने चूक केली ने, पण भरून पण दिली.” मराठी बोलायचं असलं की मोटाभाई गंभीर असतात.

म्हणजे बदल केला म्हणून बिघडलं, असं सरसकट नव्हतंच. दुसऱ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की गच्ची नेमकी कुठे बिथरते. घटना हलवली, माणसं बदलली, लढाईत भर घातली, तर ती खुशाल मान डोलावते. पण एखाद्या माणसाचा स्वभाव गरजेपुरता वाकवला की पुस्तक न वाचलेल्यालाही कळतं. कसं कळतं ते मला सांगता येणार नाही. पण कळतं.

फारामिरचं घ्या. पुस्तकात हा बोरोमिरचा धाकटा भाऊ, शांत, वाचणारा. अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही असं म्हणणारा आणि तसं वागणारा. सिनेमात तो फ्रोडोला आणि त्याचा सोबती सॅमला बांधून आपल्या शहराकडे ओढत नेतो आणि मग एकाएकी मन बदलून सोडून देतो. सिनेमाच्या लेखकमंडळींचं म्हणणं असं की ज्याच्यावर अंगठीचा काहीच परिणाम होत नाही असा माणूस दाखवला तर अंगठीचा धाकच संपतो. मुद्दा बिनतोड आहे. पण मोटाभाईंच्या मिसेसनी हे काहीच माहीत नसताना विचारलं, “हा तर समजूतदार वाटत होता, मग मधेच असं का करून राहिला?” लांब आवृत्तीत बाप डेनेथॉर थोरल्याचं कौतुक आणि धाकट्याचा पाणउतारा करतो असा एक जुना प्रसंग घातलाय, त्याने थोडी मलमपट्टी होते. थिएटरातल्या प्रतीत तोही नव्हता. तेव्हा मी उगाच कुरकुरले नव्हते.

हेल्म्स डीप या किल्ल्यावरच्या लढाईत एल्फांची फौज मदतीला येते, हे तर शुद्ध जॅक्सनचं. पुस्तकात एल्फ येत नाहीत. गच्चीने शिट्ट्या मारल्या. सगळ्यांत मजा आली ती मी सांगितलेल्या एका गोष्टीची: त्या राक्षसी सैन्याचा जो आरडाओरडा ऐकू येतो त्यासाठी जॅक्सन वेलिंग्टनच्या स्टेडियमवर गेला, न्यूझीलंड-इंग्लंडचा सामना चालू होता, आणि मधल्या वेळात जवळपास 25,000 प्रेक्षकांना मैदानातून घोषणा शिकवून, छात्या बडवायला लावून तो आवाज रेकॉर्ड केला. पोरांनी तो भाग मागे नेऊन पुन्हा लावायला लावला. त्यानंतर पडद्यावर राक्षस ओरडले की सतरंजीवरून “इंडिया, इंडिया!”

मग एंट. चालणारी-बोलणारी झाडं फितूर जादूगार सारुमानच्या गडावर चाल करून येतात, धरण फोडतात, सगळी भट्टी, सगळी यंत्रं पाण्याखाली. पोरं उभी राहून नाचली. खुर्च्यांवरची मंडळी नाचली नाहीत. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा काकूंची बहीण दोन रात्री माळ्यावर बसून होती. काकू पडद्याकडे बघत म्हणाल्या, “आता गाळ कोण काढणार?” या सिनेमावर आजवर खूप वाचलं, हा प्रश्न कुठे वाचला नाही.

गॉलमबद्दल, म्हणजे पूर्वी अंगठी बाळगून तिच्या नादाने खंगलेल्या जीवाबद्दल, स्वतंत्र लिहायला हवं, कारण सासूबाईंसाठी हे तीन सिनेमे म्हणजे गॉलमचीच गोष्ट होती. बाकीच्यांची नावं त्यांना आठवत नाहीत. ‘तो पिवळ्या केसांचा’, ‘तो दाढीवाला’. गॉलमचं नाव पहिल्याच दिवशी पाठ. अँडी सर्किस नावाच्या नटाने तो आवाजाने आणि शरीराने उभा केला, वरचं रूप कॉम्प्युटरने चढवलं, हे त्यांना सांगून पाहिलं. “असेल,” म्हणाल्या. त्यांना त्यात रस नव्हता. रात्री सगळे झोपलेले असताना तो स्वतःशीच भांडतो, एक मन म्हणतं मालक, म्हणजे फ्रोडो, चांगला आहे, दुसरं म्हणतं गळा दाब, तिथे आमच्या दुभाष्या मुलाने दोन आवाज काढायला सुरुवात केली. सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. त्यांना भाषांतर नको होतं.

इंग्रजी शिकवणारी म्हणून कबूल करते, पुस्तकातला तो उतारा सिनेमाइतका अंगावर येत नाही. टोल्किनने तो सॅमच्या कानांनी ऐकवला आहे, अर्धवट झोपेतून. जॅक्सनने कॅमेरा एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला फिरवला आणि एकाच तोंडाचे दोन माणूस झाले. साधी युक्ती. पण एवढ्या मोठ्या खर्चाच्या सिनेमात सगळ्यांत जास्त लक्षात राहतं ते हेच, यात त्याची समज दिसते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारच्या मध्ये एका पोराने वहीत मिनास तिरिथ, सिनेमातलं डेनेथॉरचं शहर, काढून आणलं. सुंदर काढलं होतं, पण हुबेहूब सिनेमातलं. आता याला पुस्तक दिलं तरी याच्या मनातलं शहर हेच राहणार. जॅक्सनने ॲलन ली आणि जॉन हाऊ या दोन चित्रकारांना हाताशी धरलं होतं. दोघेही वर्षानुवर्षं टोल्किनची चित्रं काढत आलेले. त्यांनी जे काढलं ते बांधलं गेलं आणि ते जगभर पक्कं झालं. बडोद्याच्या माणसाला हे नवीन नाही. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून पुराणांतल्या प्रसंगांची चौदा चित्रं करवून घेतली, पुढे त्याच्या छापखान्यातून देवादिकांची चित्रं घरोघरी गेली, आणि तेव्हापासून सरस्वती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोणती येते? मला याची तक्रार नाही. लीच्या हातचं शहर माझ्या मनातल्या शहरापेक्षा भव्य आहे. फक्त माझं आता आठवत नाही, एवढंच.

तिसरा भाग लांब, आणि त्यातच सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत खालच्या जागा आहेत. याला 11 ऑस्कर मिळाली, जेवढ्यांसाठी नाव गेलं होतं तेवढी सगळी. शिखराशिखरांवर इशाऱ्याच्या आगी पेटत जातात ते दृश्य पुस्तकात ओझरतं येतं, गॅन्डाल्फ आणि पिपिन घोड्यावरून जाताना लांबून दिसतं. इथे त्याला डोंगर, बर्फ आणि हॉवर्ड शोरचं संगीत मिळालंय. संवाद नाहीत. चिवड्याच्या पिशव्यांचा आवाज थांबला. आमचे हे जागे झाले.

डेनेथॉर जेवतो तो प्रसंग. मुलाला मरायला पाठवलंय आणि हा मांसाचे तुकडे, टोमॅटो चावतोय, हनुवटीवरून रस गळतोय, समोर पिपिन गातोय. शब्द टोल्किनच्या एका कवितेतले, चाल त्या नटाने, बिली बॉइडने, स्वतः बांधलेली. काकू म्हणाल्या, “बंद करा ते. मला अन्न जाणार नाही उद्या.” प्रसंग म्हणून जबरदस्त. पण पुढे तोच म्हातारा पेटलेल्या अवस्थेत पळत जाऊन कड्यावरून पडतो तेव्हा पोरं हसली. पुस्तकातला डेनेथॉर हुशार आहे, दूरचं दाखवणाऱ्या दगडात शत्रूने दाखवलेलं बघून बघून खचलेला आहे, आणि चितेवर तो दगड हातात घेऊन आडवा होतो. त्याच्यावर कोणी हसलं नसतं. तीच गत ड्वार्फ जमातीतल्या गिम्लीची. पहिल्या भागात तो लढवय्या आहे, तिसऱ्यापर्यंत विदूषक झालाय. लांब आवृत्तीत तो सांगतो की एल्फांच्या राणीकडे, गॅलाड्रिएलकडे, एक केस मागितला आणि तिने तीन दिले, तेवढ्या एका वाक्यात खरा गिम्ली दिसतो. सासूबाईंनी ते दुभाष्याकडून दोनदा सांगून घेतलं.

फ्रोडो सॅमला हाकलून देतो, गॉलमच्या सांगण्यावरून, शत्रूच्या मुलखाकडे चढत असताना. पुस्तकात असलं काही नाही. गच्चीवर बंड झालं. सगळे एकदम बोलायला लागले. एवढं बरोबर राहिलेल्या माणसाला भाकरीच्या चुऱ्यावरून परत पाठवतो? आणि तो जातो? मी मनातल्या मनात सुखावले, वीस वर्षांनी कोणीतरी माझ्या बाजूने बोलत होतं.

एओविन या राजघराण्यातल्या तरुणीने नाझगूलच्या, म्हणजे शत्रूच्या काळ्या घोडेस्वारांच्या, सरदाराला मारलं तेव्हा मात्र गच्ची पेटली. कोणा पुरुषाच्या हातून मरण नाही, असं ज्याच्याबद्दल भाकीत आहे त्याच्यासमोर एक बाई शिरस्त्राण काढते. आपल्याकडे हिरण्यकशिपूपासून सगळ्यांच्या वरदानात अशी फट असते, त्यामुळे पुढे काय होणार ते सगळ्यांना आधीच माहीत होतं आणि म्हणूनच मजा आली. मोटाभाईंच्या मिसेसनी मोटाभाईंकडे बघितलं. एक छोटा तपशील निसटलाय: मेरी मागून ज्या शस्त्राने वार करतो ते पुस्तकात त्याच शत्रूशी लढायला पूर्वी घडवलेलं खास खड्ग असतं, जुन्या थडग्यांत सापडलेलं. बॉम्बाडिलबरोबर ती थडगी गेली, आणि थडग्यांबरोबर खड्गाचं महत्त्व.

आणि हिरवी भुतं. ॲरागॉर्न मेलेल्यांची फौज घेऊन येतो आणि ती लाटेसारखी सगळं धुऊन नेते. पुस्तकात ती भुतं फक्त नदीवरची गलबतं मिळवून देतात, शहरासाठी जिवंत माणसंच लढतात. मोटाभाई: “तो पछी आ भूतोने पहेलांथी बोलावी लेवा हता ने! एटला माणस मर्या शा माटे?” म्हणजे भुतांना आधीच बोलवायचं होतं, एवढी माणसं मेली कशाला? बिनतोड. दिसायलाही ती भुतं फार वाईट दिसतात, भाड्याच्या प्रोजेक्टरवर तर साबणाच्या फेसासारखी.

गरुडांचा प्रश्न अर्थात आला. शेवटी गरुडच उचलून आणणार होते तर आधीच त्यांच्या पाठीवर का नाही गेले? हा दोष जॅक्सनचा नव्हे, टोल्किनपासूनचा. मी नाझगूल, अंगठी घडवणाऱ्या सॉरॉनचा डोळा, गुपचूप जाण्याची योजना वगैरे सांगितलं. पटलं नाही कोणाला.

ज्वालामुखीच्या तोंडाशी फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो, गॉलम ती त्याच्या बोटासकट चावून घेतो आणि आगीत पडतो. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे काम गॉलमने केलं.” मग थोड्या वेळाने: “त्याला आधीच मारला असता तर?” एवढंच. हजार पानांच्या पुस्तकाचा गाभा त्यांनी स्वेटरच्या दोन टाक्यांमध्ये काढून ठेवला, आणि विणत होत्या काकू.

यानंतर सिनेमा संपत नाही. राज्याभिषेक, मग घरी परत, मग सॅमचं लग्न, मग बंदरावरचा निरोप. इथे निम्मी गच्ची उठली. थंडी होती, दुसऱ्या दिवशी रविवार असला तरी बाराच्या पुढे गेलं होतं. राहिलेल्यांनी विचारलं, अंगठी गेली तर हा फ्रोडो आता कुठे चालला? जॅक्सनने एक मोठं प्रकरण गाळलंय, त्यामुळे हा प्रश्न पडतो. पुस्तकात चौघे हॉबिट परत येतात तेव्हा गावाची वाट लागलेली असते: झाडं तोडलेली, धूर, सारुमानची माणसं कारभार बघतायत. मोठ्या लढाया जिंकून आलेल्यांना आपलं गाव पुन्हा लढून सोडवावं लागतं, आणि त्या सगळ्यात फ्रोडो तलवार उपसत नाही. पोरांना हे सांगितलं तर ती चिडलीच, एवढं सगळं दाखवलं आणि हेच नाही? सारुमानचं मरण जॅक्सनला म्हणूनच दुसरीकडे, त्याच्या मनोऱ्यावर घ्यावं लागलं, आणि थिएटरातल्या प्रतीतून तेही कापलं. सारुमान झालेला ख्रिस्तोफर ली त्यावर दुखावला होता, आणि या सगळ्या नटांत टोल्किनला प्रत्यक्ष भेटलेला तो एकटाच.

ज्यांना बघायचंय त्यांना सांगते: लांब आवृत्तीच बघा, पण दुसरा आणि तिसरा भाग मधे थांबून, सेव-उसळ खाऊन. पहिला एका दमात जातो. आवाज चांगला हवा, चित्र थोडं फिकं असलं तरी चालतं. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘तुम्हाला नाही कळायचं’ म्हणून आत झोपायला पाठवू नका.

आता पोरं ‘हॉबिट’ लावा म्हणून मागे लागलीत. एवढंसं पुस्तक, त्याचे त्याच माणसाने 2012 ते 2014 मध्ये तीन सिनेमे केले. मी सांगितलंय, पहिला लावीन, तोही बिल्बो आणि गॉलम अंधारात एकमेकांना कोडी घालतात तिथपर्यंत, कारण सासूबाईंना तेवढंच हवंय. पुढचं पोरांनी आपापल्या मोबाइलवर बघावं.